बावीस वर्षांपर्यंतच्या आइस हॉकीपटूंची क्रमवारी: प्रकल्प नोंदी, जुलै ते ऑक्टोबर २०२५

२ जुलै २०२५

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी तरुण खेळाडू क्रमाने निवडायचा कार्यक्रम, होऊन चार दिवस झाले. लॉस एंजेलिसला २७ आणि २८ जूनला नावं पुकारली गेली. मॅथ्यू शेफर न्यूयॉर्क आयलंडर्सकडे पहिला, मायकेल मिसा सॅन होजेकडे दुसरा, अँटन फ्रोंडेल शिकागोकडे तिसरा. यादी अद्ययावत करायला हीच वेळ बरी. नवी खेप आत आलेली असते आणि जुन्यांचा हंगाम संपलेला असतो.

आधी प्रश्न पक्का केला, कारण मागच्या याद्यांमध्ये सगळा गोंधळ तिथेच झाला होता. "सर्वोत्तम तरुण खेळाडू" म्हणजे आज सर्वोत्तम, की पुढे होईल तो? या दोन प्रश्नांना एकाच रकान्यात कोंबलं की २२ वर्षांचा तयार विंगर आणि १७ वर्षांचा शाळकरी पोरगा एकाच तराजूत बसतात. ठरलं: १५ सप्टेंबर २०२५ पासून पुढचे पाच हंगाम धरायचे. त्या पाच हंगामांत एनएचएलमध्ये संघाला कोणाचा उपयोग जास्त होईल, एवढंच बघायचं. पगार, करार आणि लोकप्रियता बाहेर.

४ जुलै

वयाची रेषा. १५ सप्टेंबर २०२५ रोजी २३ पूर्ण झालेली नसावीत, म्हणजे जन्म १६ सप्टेंबर २००२ किंवा नंतरचा. ही तारीख हवेतून काढलेली नाही. एनएचएल ड्राफ्टची पात्रता याच तारखेवर ठरते: त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण हवीत.

या रेषेमुळे ओटावाचा टिम श्ट्युत्सले (जानेवारी २००२) आणि मिनेसोटाचा ब्रॉक फेबर (२२ ऑगस्ट २००२) बाहेर. सिॲटलचा मॅटी बेनियर्स (५ नोव्हेंबर २००२) आत. फेबर २५ दिवसांनी हुकला. हळहळ वाटली तरी रेषा हलवायची नाही. एकासाठी हलवली की दहा जण दार ठोठावतात.

वय पूर्ण वर्षांत न लिहिता दशांशात लिहायचं. कारण शेफरच बघा. जन्म ५ सप्टेंबर २००७. अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर तो २०२६ च्या ड्राफ्टमध्ये गेला असता. गॅव्हिन मॅकेनाचा जन्म २० डिसेंबर २००७, म्हणजे जेमतेम साडेतीन महिन्यांचं अंतर, पण ड्राफ्टचं वर्ष वेगळं. "ड्राफ्टचं वर्ष" या रकान्यावर तुलना केली असती तर शेफरला जवळपास एक वर्षाचा तोटा झाला असता. याच्या उलट ऑस्टन मॅथ्यूज. जन्म १७ सप्टेंबर १९९७, २०१५ चा ड्राफ्ट दोन दिवसांनी हुकला आणि २०१६ मध्ये तो पहिला गेला.

९ जुलै

मॅकेनाने पेन स्टेट विद्यापीठ निवडल्याची बातमी काल आली. मेडिसिन हॅटकडून २०२४-२५ मध्ये ५६ सामन्यांत ४१ गोल, ८८ असिस्ट (गोलाआधीचे पास), मिळून १२९ गुण. असा खेळाडू कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून अमेरिकन कॉलेजात जाणं आजवर शक्य नव्हतं. कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांना एनसीएए (अमेरिकन कॉलेज क्रीडा संघटना) पात्र मानत नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तो लागू होतोय.

आपल्या कामावर याचा परिणाम मोठा आहे. लीगची काठिण्यपातळी आपण जुन्या हंगामांवरून काढतो. आता चांगली पोरं कॉलेजात जाणार, म्हणजे कॉलेजची पातळी चढणार आणि ज्युनियरची उतरणार. जुने गुणक (एका लीगचे गुण दुसरीच्या पट्टीवर आणणारे आकडे) पुढच्या उन्हाळ्यात शिळे झालेले असतील. गुणकाच्या रकान्यात वर्ष घातलं.

याच दिवशी यादीचे दोन भाग केले. "अ": एनएचएलचे २५ हून जास्त नियमित सामने झालेले. "ब": २५ किंवा कमी झालेले, ड्राफ्ट व्हायचेही धरून. २५ हा आकडा कॅल्डर करंडकाच्या (एनएचएलमधल्या सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार) नवोदित-नियमाशी जुळतो. (मूळ नियमात दोन हंगामांत प्रत्येकी सहा सामन्यांची आणि २६ वर्षांची अटही आहे. आपल्याला तिची गरज नाही.) आर्टिओम लेव्हशुनोव्हचे शिकागोकडून १८ सामने झालेत, तो "ब"मध्ये. इव्हान डेमिडोव्हचे मॉन्ट्रियलकडून दोनच, तोही "ब"मध्ये.

१५ जुलै

आकडे ओढले. एनएचएलचे खुल्या एपीआयमधून (हंगामाचा संकेत आठ अंकी, २०२४२०२५ असा), बाकी लीगचे हाताने. पाच ठिकाणी घोडं अडलं:

बर्फावरचा वेळ "२०:१५" असा येतो, म्हणजे २० मिनिटं १५ सेकंद. स्प्रेडशीट त्याला रात्रीचे सव्वाआठ समजते. बेरीज २४ ओलांडली की पुन्हा शून्यापासून मोजते, त्यामुळे २०:१५ आणि १९:३० मिळून ३९:४५ ऐवजी १५:४५ दिसलं. अख्ख्या हंगामाची बेरीज तर हास्यास्पदच. उपाय: रकाना आधी "मजकूर" करायचा, अपूर्णविरामावर (:) तोडायचा, सेकंदांत बदलायचा आणि मगच बेरीज.

देवनागरी अंकांना आमची शीट मजकूर समजते. हिशोबाच्या पानावर इंग्रजी अंक, छापायच्या पानावर देवनागरी. अधेमधे काही नाही.

व्हँकुव्हरमध्ये दोन एलियास पेटरसन आहेत. एक १९९८ चा फॉरवर्ड, दुसरा २००४ चा डिफेन्समन. नावावरून जोडणी केल्यामुळे नवख्या डिफेन्समनच्या नावावर थोरल्याचा १०२ गुणांचा २०२२-२३ चा हंगाम चिकटला आणि पठ्ठ्या यादीत थेट वर. जोडणी फक्त खेळाडू क्रमांकावरून करायची. नाव हे लेबल, किल्ली नव्हे.

हंगामात संघ बदललेल्यांच्या दोन-तीन ओळी येतात: प्रत्येक संघाची एक आणि कधी बेरजेची वेगळी. मातवेई मिचकोव्ह २०२३-२४ मध्ये सेंट पीटर्सबर्गकडून एक आणि सोचीकडून ४७ सामने खेळला. बेरजेची ओळ गाळली नाही तर त्याचे गुण दुप्पट होतात.

तारीख. मॉन्ट्रियलमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे असतो, उन्हाळी वेळेत साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. डेमिडोव्हचं पदार्पण १४ एप्रिल २०२५ ला झालं. आपल्या घड्याळाने १५ तारीख पडली म्हणून तो सामना दोनदा नोंदला गेला. यजमान रिंकची स्थानिक तारीखच ग्राह्य.

२१ जुलै

लीग-गुणक. रणजीत धावांचे डोंगर रचणारा कसोटीत तेवढ्याच करील असं कोणी समजत नाही, पण ज्युनियर हॉकीचे गुण मात्र लोक जसेच्या तसे घेतात. गुणकाची कल्पना सोपी: एका लीगमधून दुसऱ्या लीगमध्ये गेलेल्यांचे प्रतिसामना गुण आधी किती होते आणि नंतर किती झाले, त्याचं प्रमाण.

ही पद्धत गेब्रियल देजार्दाँ यांनी रुळवली. त्यांच्या मांडणीत ओंटारियो ज्युनियर लीगचा (ओएचएल) गुणक सुमारे ०.३ होता. नंतरच्या जाळे-पद्धतीत तोच सुमारे ०.१४ वर आला. निम्म्याहून कमी, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पहिल्या पद्धतीत ज्युनियरमधून थेट एनएचएलमध्ये गेलेलेच मोजले जातात, आणि थेट जाणारे म्हणजे अव्वल पोरं. जाळे-पद्धतीत ज्युनियर ते एएचएल (एनएचएलच्या खालची व्यावसायिक लीग) आणि एएचएल ते एनएचएल अशा साखळ्या जोडतात, त्यामुळे सामान्य खेळाडूही हिशोबात येतो.

मिसावर करून पाहिलं. सॅगिनॉकडून ६५ सामन्यांत १३४ गुण, म्हणजे प्रतिसामना २.०६. गुणिले ०.१४, गुणिले ८२: साधारण २४ गुण. ०.३ ने तेच ५१. एका आकड्याने माणूस चौथ्या फळीतून पहिल्या फळीत जातो (फळी म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे तीन फॉरवर्ड, पहिली सर्वांत तगडी).

आपण जाळे-पद्धतीचे गोल केलेले गुणक घेतले: रशियाची केएचएल ०.७७, स्वीडनची एसएचएल ०.५७, एएचएल ०.३९, एनसीएए ०.१९, ओएचएल आणि पश्चिम कॅनडाची ज्युनियर डब्ल्यूएचएल ०.१४, क्युबेकची ज्युनियर लीग ०.११. गुणिले ८२ हे यंदापुरतं. २०२६-२७ पासून हंगाम ८४ सामन्यांचा होणार आहे.

२३ जुलै

गुणक खरे उतरतात का, हे आधीच एनएचएलमध्ये पोचलेल्यांवर ताडून पाहिलं. डावीकडे गुणकाचा अंदाज, उजवीकडे पहिल्या हंगामातली ८२ सामन्यांची प्रत्यक्ष गती:

कॉनर बेडार्ड (रेजायना, ५७ सामन्यांत १४३): २९ → ७४
मॅकलिन सेलेब्रिनी (बोस्टन विद्यापीठ, ३८ मध्ये ६४): २६ → ७४
ॲडम फँटिली (मिशिगन, ३६ मध्ये ६५): २८ → ४५
विल स्मिथ (बोस्टन कॉलेज, ४१ मध्ये ७१): २७ → ५०
लिओ कार्लसन (ओरेब्रो, ४४ मध्ये २५): २७ → ४३
मिचकोव्ह (केएचएल, ४८ मध्ये ४१): ५४ → ६५

सगळे अंदाज कमी पडले. ज्युनियर आणि कॉलेजवाल्यांचे सपशेल, केएचएलवाल्याचा थोडा. पहिला मोह असा की ज्युनियरचा गुणक अडीचपट करून टाकावा. तो टाळला. हे सहाही जण २०२३ आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या सातात गेलेले आहेत. जे पोचलेच नाहीत त्यांची नावं या तक्त्यात कुठे आहेत? यशस्वी माणसंच निवडून गुणक जुळवला तर तो पुढच्या प्रत्येक पोराला डोक्यावर बसवील. शिवाय मधल्या उन्हाळ्यात ही पोरं वर्षाने मोठी होतात, आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एका उन्हाळ्याचा फरक पंचविशीतल्या तीन वर्षांइतका पडतो.

तक्त्यातून दुसरीच गोष्ट हाती लागली. बेडार्ड, फँटिली, स्मिथ, कार्लसन आणि सेलेब्रिनी या पाचही जणांना गुणक २६ ते २९ च्या पट्ट्यात ठेवतो, आणि प्रत्यक्षात ते ४३ ते ७४ इतके पांगले. म्हणजे शिखरावरच्या पोरांमध्ये भेद करणं गुणकाच्या आवाक्यातलं नाही. तो लीगा एका पातळीवर आणतो आणि तिथे त्याचं काम संपतं.

ठरलं: गुणकाचा आकडा भाकीत म्हणून वापरायचा नाही. त्यावरून समवयस्कांमधला शतमान क्रमांक काढायचा आणि पुढे तोच न्यायचा. वरच्या पाच टक्क्यांतल्यांचा आपसातला क्रम व्हिडिओ आणि भूमिकेवरून लावायचा.

३० जुलै

छोटा नमुना. शेफरचे ईरीकडून १७ सामने, ७ गोल, १५ असिस्ट. प्रतिसामना १.२९, म्हणजे १७ वर्षांच्या डिफेन्समनसाठी डोळे दिपवणारा आकडा. पण सतराच सामने. २७ डिसेंबर २०२४ ला जागतिक ज्युनियर स्पर्धेत लाटव्हियाविरुद्ध गोलपोस्टवर आदळून कॉलरबोन मोडलं आणि हंगाम संपला.

आकडा सरासरीकडे ओढायची रीत: त्याच्या खात्यात २० काल्पनिक सामने घालायचे, प्रत्येकी ०.७५ गुणांचे. (०.७५ हे आपण धरलेलं गृहीत आहे: ड्राफ्टच्या वर्षातल्या चांगल्या ओएचएल डिफेन्समनसाठी. बदलायचं असेल तर "गृहीतं" पानावर.) २२ अधिक १५, भागिले ३७: बरोबर १.००. एवढं खाली आणूनही तो आपल्या गटात वरच राहतो. म्हणूनच ड्राफ्टमधल्या त्याच्या पहिल्या क्रमांकाला धक्का नाही.

दुखापतीत दुसरी चूक सापडली. केडन लिंडस्ट्रॉम, २०२४ चा चौथा. पाठीच्या दुखण्यामुळे २०२४-२५ चा नियमित हंगाम पूर्ण हुकला. शून्य भागिले शून्य, त्रुटी आली. ती कोणीतरी ० ने बुजवली आणि लिंडस्ट्रॉम तळाला. रिकामं आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक: रिकामा कप्पा सरासरीत धरला जात नाही, शून्य धरलं जातं. कप्पा रिकामा केला, शेजारी "दुखापत" खूण लावली. आता त्याचा अंदाज मागच्या वर्षीच्या ३२ सामन्यांवर (२७ गोल, १९ असिस्ट) आणि विश्वासाचा पट्टा दुप्पट रुंद. पाठीचं दुखणं ही धिप्पाड सेंटरसाठी साधी बाब नाही. क्रमांक घसरला, पण हिशोबाच्या चुकीने नव्हे.

६ ऑगस्ट

प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल) काढून टाकला. बेडार्ड २०२३-२४ मध्ये उणे ४४. शिकागोचे त्या हंगामात ८२ सामन्यांत ५२ गुण. पडक्या घरातल्या दिव्याला अंधाराचा जाब विचारण्यातला प्रकार.

कारण मोजणीतच आहे. पॉवर-प्लेवरचे (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाचे) गोल यात धरत नाहीत, पण रिकाम्या जाळ्यातले धरतात. मागे पडलेला संघ शेवटच्या दोन मिनिटांत गोलरक्षक काढून सहावा स्केटर आणतो. तो सहावा हमखास संघाचा सर्वोत्तम तरुण फॉरवर्ड. तिथे पक (हॉकीची चकती) निसटला की त्याच्या नावावर उणे एक. हरणाऱ्या संघातल्या हुशार पोरांना ही शिक्षा रात्रीमागून रात्री मिळते.

त्याऐवजी: पाच-विरुद्ध-पाचमध्ये तो बर्फावर असताना संघाचा अपेक्षित-गोलांचा (फटक्यांच्या दर्जावरून व्हायला हवेत तेवढे गोल) वाटा, वजा तो बाकावर असतानाचा वाटा. खुली मॉडेलं फटक्याची जागा, प्रकार, रिबाउंड वगैरे बघतात, फटक्याआधीचा पास बघत नाहीत. त्यामुळे आडवा पास देऊन गोल करवणाऱ्यांना ती कमी लेखतात. म्हणून वजन २० टक्क्यांवरच थांबवलं.

असिस्ट. एका गोलाला दोघांपर्यंत असिस्ट मिळतो. फॉरवर्डचा दुसरा असिस्ट पुढच्या वर्षी टिकतोच असं नाही, त्याला ०.५. डिफेन्समनला ०.७, कारण त्याचा दुसरा असिस्ट बहुतेकदा आपल्या क्षेत्रातून काढलेला पहिला पास असतो आणि ते कसब खरं असतं.

१३ ऑगस्ट

जागतिक ज्युनियर स्पर्धेला किती वजन? सात सामने, पंधरवड्याहून कमी काळ. २०२३ मध्ये बेडार्डने सातांत २३ गुण केले. त्यातले १३ जर्मनी (११-२) आणि ऑस्ट्रिया (११-०) या दोन सामन्यांत. उरलेल्या पाचांत १०, म्हणजे प्रतिसामना दोन. तेही अफाटच, पण २३ ची नशा उतरते.

वजन ५ टक्के. बाद फेरीचे सामने आणि तुल्यबळ संघांविरुद्धचे तेवढेच मोजायचे.

२० ऑगस्ट

गोलरक्षक. तासाभरात निकाल: वेगळी यादी, क्रमांक नाहीत, फक्त गट.

हिशोब असा. एका हंगामात ३० सामने, सामन्याला २८ फटके, एकूण ८४०. खरी क्षमता ०.९०० असलेल्याची बचाव-टक्केवारी निव्वळ नशिबाने वर-खाली होते, ते प्रमाण विचलन: (०.९ × ०.१ ÷ ८४०) चं वर्गमूळ, म्हणजे ०.०१०. थोडक्यात ०.८९० आणि ०.९१० हे दोन हंगाम एकाच माणसाचे असू शकतात, त्याच्यात काहीही न बदलता. एनएचएलमध्ये नोकरी टिकते की जाते, ते याच पट्ट्यात ठरतं.

त्यात वयाची रेषा यांना सोसत नाही. कॅल्गरीचा डस्टिन वुल्फ २०१९ मध्ये २१४ वा निवडला गेला. त्याचा पहिला पूर्ण हंगाम २०२४-२५: ५३ सामने, २९ विजय, ०.९१०, कॅल्डरच्या मतदानात दुसरा. जन्म एप्रिल २००१, म्हणजे आपल्या यादीबाहेर. गोलरक्षक पिकायला वेळ घेतात. बावीसच्या यादीत कच्चेच येणार. मिनेसोटाचा येस्पर वॉलस्टेड वरच्या गटात ठेवला, एएचएलमधला मागचा हंगाम पडता जाऊनही.

२८ ऑगस्ट

डिफेन्समनवर चार दिवस गेले आणि ते सत्कारणी लागले.

लेन हटसन: २०२२ चा ६२ वा, उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. २०२४-२५ मध्ये ८२ सामने, ६ गोल, ६० असिस्ट, कॅल्डर. नवख्या डिफेन्समनच्या असिस्टचा लॅरी मर्फीचा विक्रम गाठला. आपल्या सूत्रात ड्राफ्ट-क्रमांक हा स्काउटांच्या मताचा प्रतिनिधी म्हणून होता, आणि ६२ हा आकडा हटसनला अजूनही खाली खेचत होता. तीन वर्षांपूर्वीचं मत, तेही बव्हंशी उंचीवरून, आजच्या ६६ गुणांना कशाला अडवील? बदल: ड्राफ्टचं वजन पहिल्या वर्षी पूर्ण, मग दोन-तृतीयांश, मग एक-तृतीयांश, चौथ्या वर्षी शून्य. एनएचएलचे ८२ सामने झाले की तेव्हाच शून्य.

उलटं उदाहरण दिमित्री सिमाशेव्ह, २०२३ चा सहावा. यारोस्लाव्हलच्या लोकोमोटिव्हबरोबर या वसंतात गगारिन करंडक (केएचएलचं विजेतेपद) जिंकला. त्याच्या नावावर गुण नावालाच. लांब हात, मागे स्केट करण्याचा वेग आणि पक असलेल्याला भिंतीकडे ढकलण्याची हातोटी हे त्याचं भांडवल. गुणांवर चालणारं कुठलंही सूत्र त्याला तळाला टाकणार. इथे केएचएलमध्ये मिळालेल्या मिनिटांना वजन दिलं: जिंकायला बसलेल्या संघाचा प्रशिक्षक विशीतल्या पोराला दया म्हणून बर्फावर पाठवत नाही.

एक खबरदारी. एनएचएलचं रिंक सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद. युरोपात अनेक ठिकाणी रुंदी ३० मीटर. बाजूचे ते जादा मीटर डिफेन्समनला विचार करायला वेळ देतात. युरोपातले व्हिडिओ बघताना भिंतीपाशी दबावाखाली दिलेले पासच मोजायचे, मोकळ्या जागेतले नाहीत.

५ सप्टेंबर

क्रम लावण्याची फेरी. तिघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचं न बघता. क्रमांकांची सरासरी काढली नाही, मध्यक घेतला. सरासरीत एकाचा हट्ट दोघांच्या मताला ओढतो. तिघांत पाचहून जास्त क्रमांकांचा फरक असलेली नावं पुन्हा चर्चेला. ती अकरा निघाली. मग गट पाडले, कारण पहिल्या आणि चौथ्यात दरी असते तर पंधराव्या आणि तिसाव्यात बहुधा काहीच नसतं.

"अ" यादीचा पहिला गट: सेलेब्रिनी, हटसन, बेडार्ड.

सेलेब्रिनी (७० सामने, ६३ गुण) आणि बेडार्ड यांच्या पहिल्या हंगामांत तसूभरही फरक नाही: ०.९० आणि ०.९० (६८ मध्ये ६१). दोघेही तेव्हा अठराचे, दोघांचेही संघ तळाला. फरक पडतो तो बेडार्डच्या दुसऱ्या हंगामात: ८२ सामन्यांत ६७, म्हणजे ०.८२. त्याशिवाय सेंटर म्हणून काम. बेडार्ड पहिल्या वर्षी फेसऑफमध्ये (पक टाकून खेळ सुरू करतानाची झुंज) ४० टक्क्यांच्या खाली होता. सेलेब्रिनी पक नसताना आपल्या क्षेत्रात खोलवर परततो, आणि पाच हंगामांचा विचार केला की ही सवय गुणांपेक्षा जास्त टिकते. बेडार्डचा फटका अजूनही या तिघांत सर्वोत्तम, यावर मतभेद नाही.

दुसरा गट: युटाचा लोगन कूली (७५ मध्ये ६५), डॅलसचा वायट जॉन्स्टन (८२ मध्ये ७१), मिचकोव्ह (८० मध्ये ६३), फँटिली, युटाचा डिलन गुंथर (७० मध्ये ६०), न्यू जर्सीचा ल्यूक ह्यूज, कार्लसन. फँटिलीचे गुण ५४ च, पण ३१ गोल, आणि जानेवारीत शॉन मोनाहन जखमी झाल्यावर पहिल्या फळीची जागा मिळाली तेव्हा तो फुलला. संधी मिळाल्यावर काय केलं, हे हंगामाच्या बेरजेत दडतं. म्हणून हंगाम अर्धा-अर्धा तोडून बघायचा.

तिसऱ्या गटात टोरांटोचा मॅथ्यू नाइझ (७८ मध्ये ५८) आणि कोलंबसचा केंट जॉन्सन (६८ मध्ये ५७) यांवरून सर्वांत लांब वाद. नाइझ बहुतेक हंगाम मॅथ्यूज आणि मिच मार्नर यांच्याबरोबर खेळला. सोबत्यांचं श्रेय किती कापायचं? मार्नर या उन्हाळ्यात व्हेगासला गेला, त्यामुळे उत्तर येत्या हंगामात आपोआप मिळेल. तोवर जॉन्सन एक पायरी वर.

१२ सप्टेंबर

"ब" यादी: डेमिडोव्ह, शेफर, मॅकेना, मिसा. मग ब्युअम, मार्टोन, सेनेके, पारेख, हेगन्स, लेव्हशुनोव्ह यांचा गट.

डेमिडोव्ह पहिला का? केएचएलमध्ये ६५ सामन्यांत ४९ गुण, गुणकाने साधारण ४८. "ब"मध्ये कोणी याच्या जवळपास नाही (मॅकेना २६, हेगन्स १६). आणि हे कमी मिनिटांत. काही सामन्यांत तर त्याला चौथ्या फळीवर बसवून ठेवलं होतं. शेफर त्याच्या खांद्याला खांदा लावून आहे. सतरा सामन्यांऐवजी साठ असते तर कदाचित क्रम उलटा असता.

झेन पारेखचा वाद मिटला नाही. डिफेन्समन असून सॅगिनॉकडून सलग दोन हंगाम ३३-३३ गोल, दुसऱ्यात १०७ गुण. आकडे बघितले की वरच्या चारात. बचाव बघितला की नाही. तिघांचे क्रमांक ५, ७ आणि १४. मध्यक ७, पण शेजारी लाल खूण ठेवली.

१५ सप्टेंबर

वयं गोठवली. यानंतर वाढदिवस आला म्हणून कोणी बाहेर जाणार नाही.

६ ऑक्टोबर

उद्या हंगाम सुरू. फाइल कुलूपबंद, प्रत वेगळी ठेवली. यापुढे दुरुस्त्या नव्या पानावर, जुन्या क्रमांकांना हात नाही. नाहीतर जानेवारीत "आम्ही आधीच म्हटलं होतं" म्हणायची सोय होते.

तपासणी पहिल्या २० सामन्यांनंतर आणि मग ४१ नंतर. २० च्या आधी क्रम बदलायचा नाही. फटक्यांतून गोलाचं प्रमाण लीगभर साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. वीसच्या आत कोणी पंचवीस टक्क्यांवर दिसला तर तो सुधारला असं नव्हे, पक त्याच्या बाजूने उसळतोय.

ज्युनियरमधून आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्यांसाठी स्मरणखूण: नऊ सामन्यांपर्यंत त्यांना परत पाठवलं तर कराराचं वर्ष पुढे सरकतं, दहावा खेळला की ते खर्ची पडतं. त्यामुळे नवव्या सामन्याच्या आसपासचे बदल हे खेळावरचं मत नसून बरेचदा हिशोब असतो. त्या आठवड्यात कोणी परत गेला म्हणून क्रमांक उतरवायचा नाही. शेफर दहावा खेळला तरी "ब"मध्येच राहील. "अ"मध्ये हलवायचं ते सव्विसाव्या सामन्याला.